महाविद्यालयातील किरणोत्सर्गी द्रव्ये आणि त्यांची राखण

किरणोत्सर्ग हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात प्रथम हिरोशिमा येते, त्यामागून चेर्नोबिल, आणि जवळचे म्हणून तारापूर. आपल्याच गावातले महाविद्यालय काही कोणाच्या मनात येत नाही. तेथे मुलेमुली शिकतात, स्नेहसंमेलने होतात, निवडणुकीच्या दिवशी मतदान होते. त्याच इमारतीत, पदार्थविज्ञानाच्या किंवा जीवशास्त्राच्या विभागात, एखाद्या खोलीच्या दारावर पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह रंगविलेले असते. त्या दारामागे काय आहे, ते कोणाच्या ताब्यात आहे, आणि ज्याच्या ताब्यात आहे तो उद्या निवृत्त झाला तर पुढे काय, हे प्रश्न नागरिकाने विचारण्यासारखे आहेत. या व्याख्यानात आम्ही त्यांचाच विचार करणार आहोत. एका विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत असता काही वर्षे ही राखणदारी आमच्याकडे होती. म्हणून जे सांगावयाचे ते पुस्तकातले थोडे आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळण्याचे अधिक, असे होणार आहे. त्याबद्दल श्रोत्यांनी आम्हांस क्षमा करावी.

प्रथम त्या दारामागे काय असते ते पाहू. सर्वांत खालच्या पायरीवर विद्यार्थ्यांच्या प्रयोगाचे स्रोत येतात. रुपयाच्या नाण्याएवढी प्लॅस्टिकची चकती, तिच्या मध्यभागी ठिपक्याएवढे कोबाल्ट किंवा सीझियम. यांची तीव्रता मायक्रोक्युरीत मोजतात. क्युरी हे जुने माप आहे. १ क्युरी म्हणजे सेकंदाला ३,७०० कोटी अणूंचे विघटन. मायक्रोक्युरी हा त्याचा दहा लाखावा भाग, म्हणजे सेकंदाला ३७,०००. आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात पोटॅशियम असते, त्यातला थोडा अंश मुळातच किरणोत्सर्गी असतो, आणि त्याचे सेकंदाला चारएक हजार अणू आत्ता, हे व्याख्यान चालू असताना, तुमच्या-आमच्या देहात फुटत आहेत. जुन्या लग्नांच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन माणसे चालत, त्या बत्तीच्या जाळीत थोरियम असे. तेव्हा किरणोत्सर्ग हा आपल्या घरात नवा पाहुणा नव्हे. प्रश्न असतो तो किती आणि कोठे, एवढाच.

दुसऱ्या पायरीवर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा येतात. तेथे किरणोत्सर्गी द्रव्य बंद चकतीत नसते, बाटलीत द्रवरूपाने असते. फॉस्फरस-३२, कार्बन-१४, ट्रिटियम, आयोडीन-१२५ ही त्यांतली नित्याची नावे. पेशीत एखादा पदार्थ कोठून कोठे जातो हे पाहावयाचे असेल तर त्याला ह्या अणूंची खूण लावून सोडावयाचे आणि मागोवा घ्यावयाचा. गुराखी गाईच्या गळ्यात घंटा बांधतो तसाच हा प्रकार. अलीकडे ह्यातली बरीच कामे रंगद्रव्यांच्या साहाय्याने होतात, तरी घंटेची गरज अजून संपलेली नाही.

तिसऱ्या पायरीवर असते ती गॅमा-कोठडी. हे शिशाने मढविलेले, काही टन वजनाचे पिंप असते. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० च्या कांड्या वर्तुळाकार बसविलेल्या असतात. रसायनांवर किंवा बियाण्यांवर किरण सोडावयाचे असले की नमुना एका खणात ठेवून तो खण खाली उतरवितात; कांड्या आपली जागा सोडीत नाहीत. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी भुईमुगाच्या ज्या जाती शेतकऱ्यांना दिल्या, त्यांच्यामागे किरणांनी बियाण्यात बदल घडविण्याचीच विद्या आहे. अशा पिंपात हजारो क्युरी असतात, आणि तरीही, शिसे शाबूत असेतोवर, त्याच्या शेजारी उभे राहून कोणी चहा प्यायला तर त्याला काही होत नाही. (चहा तेथे पिऊ नये, हा नियम वेगळा; त्याकडे आम्ही येतोच.)

आणि यांखेरीज एक चौथी पायरी आहे, तिची नोंद कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसते. रसायनशास्त्राच्या भांडारातल्या वरच्या फळीवर, धुळीने माखलेल्या, पिवळ्या स्फटिकांच्या बाटल्या असतात. युरेनिल नायट्रेट, युरेनिल ॲसिटेट, थोरियम नायट्रेट. एके काळी ही रसायने पृथक्करणासाठी सर्रास मागवीत. मागविणारे गुरुजी कधीच निवृत्त झालेले असतात, लेबल अर्धे उडालेले असते, आणि भांडारपालाला ते मोरचुदाच्याच जातीचे काहीतरी वाटते. आमच्या कारकिर्दीत अशी एक बाटली आम्हांस सापडली ती दाराला अडण म्हणून लावलेली. ती बाटली कोणाचा जीव घेईल अशी नव्हती. पण जी वस्तू काय आहे हे कोणास ठाऊक नाही, ती अडण म्हणून वापरली जाते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता संरक्षणाकडे वळू. बाहेरून येणाऱ्या किरणांपासून बचावाची साधने तीन : वेळ, अंतर आणि आडोसा. यांतील अंतराचे माहात्म्य लोकांना पुरेसे ठाऊक नसते. चुलीपासून दुप्पट लांब बसले तर झळ निम्मी लागेल असे आपल्याला वाटते. लहानशा स्रोताच्या बाबतीत ती पाव होते. दसपट लांब गेले तर शंभरावा भाग. हा हिशेब उलट दिशेनेही तितकाच खरा आहे, आणि सारी गोम तेथे आहे. १ क्युरी कोबाल्टपासून १ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तासाला सुमारे १३ मिलिसिव्हर्ट एवढी मात्रा मिळते. सामान्य नागरिकाला अशा कामांमुळे वर्षभरात मिळू द्यावयाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे ती पाच मिनिटांत संपली. तीच कांडी चिमटीत धरली, अंतर १ सेंटीमीटर झाले, की मात्रा दहा हजारपट होते. म्हणून स्रोत बोटांनी उचलावयाचा नाही, लांब चिमट्याने उचलावयाचा, हा नियम विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. विद्यार्थी तो ऐकतो, आणि चिमट्याने चकती नीट बसत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी बोट लावतो.

आडोशाच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे तो शिशाविषयी. किरण म्हटले की शिसे, असे जो तो समजतो. कोबाल्टच्या गॅमा किरणांसाठी ते ठीक आहे. पण फॉस्फरस-३२ मधून बाहेर पडतात ते वेगवान इलेक्ट्रॉन, आणि ते शिशासारख्या जड धातूवर आदळून थांबले की त्यांच्यातूनच क्ष-किरण निर्माण होतात. तेथे सेंटीमीटरभर जाडीचे पर्स्पेक्स, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक, हेच योग्य. हौसेने शिशाची वीट मांडून बसलेला संशोधक आम्ही पाहिला आहे. त्याला वीट काढावयास सांगितली तेव्हा आमच्याच ज्ञानाविषयी त्याला शंका आली.

हे झाले बाहेरच्या किरणांचे. द्रवरूप द्रव्यांचा धोका वेगळ्या जातीचा आहे, आणि तो समजावून सांगताना आम्ही नेहमी गुलालाचा दाखला देत आलो. मिरवणुकीत कोणी दुरून दिवा मारला तर दिवा विझताच प्रकाश संपतो. पण गुलाल उधळला तर तो अंगाला चिकटतो, घरी येतो, उशीला लागतो, आठ दिवसांनी कानात सापडतो. सांडलेले किरणोत्सर्गी द्रव्य हे त्या गुलालासारखे असते. फरक इतकाच की त्याला रंग नाही. म्हणून तेथे खाणेपिणे नाही, तोंडाने नळी ओढून द्रव घेणे नाही, हातमोजे घातलेल्या हाताने दाराची मूठ किंवा टेलिफोन धरणे नाही. काम संपले की टेबल, चप्पल, हात यंत्राने तपासून पाहावयाचे. एक वयस्क सहकारी आम्हांस थट्टेने म्हणाले, "अहो, हे तर आमच्या आजीचे सोवळेच झाले!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. मात्र येथले ओवळे यंत्राने मोजता येते, आणि पुसले की गेले किंवा नाही हेही यंत्रच सांगते. त्यातही एक मेख आहे. नेहमीचे गायगर यंत्र ट्रिटियमला बधिर असते, कारण त्याचे किरण इतके दुबळे की यंत्राच्या पातळ पडद्यातूनही ते आत शिरत नाहीत. तेथे गाळणकागदाने टेबल पुसून तो कागद निराळ्या यंत्रात मोजावा लागतो. टकटक ऐकू आली नाही म्हणून सारे स्वच्छ आहे असे मानणारा माणूस ह्या खात्यात उपयोगाचा नाही.

ही सारी व्यवस्था पाहावयास एक माणूस नेमावा लागतो. त्याला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी म्हणतात. नाव भारदस्त आहे, अधिकार त्यामानाने बेताचा. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली प्रथम १९७१ साली आणि मग २००४ साली किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम झाले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि देखरेख त्याच्याकडे आली. २००४ च्या नियमांनी जबाबदारीची वाटणी केली ती मोठ्या विचाराने. परवाना संस्थेच्या नावाने, अंतिम जबाबदारी मालकाची, म्हणजे विद्यापीठाची. सुरक्षा अधिकारी हा मालकाला सल्ला देणारा आणि रोजची व्यवस्था पाहणारा. कागदावर हे चांगले दिसते. प्रत्यक्षात तो अधिकारी असतो एखादा व्याख्याता, आणि ज्याला नियम सांगावयाचे तो असतो त्याच्याच विभागाचा प्रमुख. आपल्याकडे वडीलधाऱ्या गुरुजींना "सर, आपला बिल्ला आपण लावलेला नाही" असे म्हणणे सोपे नाही. आम्हांस ते म्हणावयास दोन वर्षे लागली.

बिल्ल्याचेही थोडे सांगितले पाहिजे. किरणांशी काम करणाऱ्या प्रत्येकाने छातीवर एक लहानसा बिल्ला लावावयाचा असतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. एक उघडी, एक प्लॅस्टिकखाली, एक धातूच्या पत्र्याखाली. चकतीवर किरण पडले की त्यांची ऊर्जा तिच्यात साठून राहते, आणि पुढे प्रयोगशाळेत ती तापविली म्हणजे साठ्याच्या प्रमाणात प्रकाश देते. तीन चकत्यांच्या फरकावरून कोणत्या जातीचे किरण होते तेही कळते. दर तीन महिन्यांनी बिल्ले तपासणीस जातात आणि माणसागणिक आकडा येतो. कामगाराची मर्यादा पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, अशी आहे. अठरा वर्षांखालच्या कोणास ह्या कामावर नेमावयाचे नाही. महाविद्यालयात बहुतेकांचे आकडे शून्याच्या आसपास असतात. एका तिमाहीत मात्र आमच्या एका सहकाऱ्याचा आकडा भलताच मोठा आला आणि घरच्यांची झोप उडाली. चौकशी केली तेव्हा कळले, की गृहस्थांनी कोट खुंटीला अडकविला होता, बिल्ला कोटाला होता, आणि खुंटी स्रोतांच्या कपाटाला लागून होती. माणूस घरी जाऊन निजत होता आणि बिल्ला रात्रंदिवस चाकरी करीत होता. हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट खरी. पण उलट प्रकार, म्हणजे माणूस कामावर आणि बिल्ला खणात, हा किती वेळा घडला असेल ते कोणता आकडा सांगणार?

ज्यांना बिल्ला नसतो त्यांचा विचार आम्हांस अधिक सतावी. आमच्या विभागात केर काढणाऱ्या एक मावशी होत्या. एके दिवशी दारापाशी थबकून त्यांनी विचारले, "सर, ह्या खोलीत मी यायचं का नाही? एक म्हणतात झाडून घ्या, एक म्हणतात लांब राहा." आम्ही प्राध्यापकांना वर्ग घेतले होते, विद्यार्थ्यांना पत्रके वाटली होती, दारावर इंग्रजी पाटी लावली होती. मावशींना कोणी काही सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना आणि शिपाईमामांना घेऊन आम्ही ती खोली दाखविली. कोणत्या टोपलीला हात लावावयाचा नाही, कोणती बिनधास्त उचलावयाची, सांडलेले दिसले तर न पुसता आधी कोणाला हाक मारावयाची. अर्ध्या तासाचे काम. मामांनी विचारलेले प्रश्न पदव्युत्तर वर्गातल्या प्रश्नांहून चांगले होते, हे आम्ही आवर्जून नमूद करतो.

आता ज्या घटनेमुळे हा विषय निवडला तिच्याकडे येऊ. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाहून एक गॅमा-कोठडी आणविली गेली. तिच्यावर संशोधन झाले, आणि १९८५ च्या सुमारास तिचा वापर थांबला. तिच्यावर काम करणारे निवृत्त झाले. यंत्र एका खोलीत पडून राहिले. एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हेत, पंचवीस वर्षे. ह्या अवधीत विद्यापीठात माणसांची एक पिढी बदलली. फेब्रुवारी २०१० मध्ये निकामी सामानाचा लिलाव झाला आणि त्यात हे पिंप भंगार म्हणून विकले गेले. ते मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचले. भंगारवाल्याच्या दृष्टीने त्यात मोलाची वस्तू एकच, शिसे. मजुरांनी पिंप फोडले, शिसे वेगळे केले, आणि आतल्या कोबाल्टच्या कांड्या उघड्यावर आल्या.

पुढचे सारे त्या अंतराच्या गणिताप्रमाणे घडले. माणसांना उलट्या सुरू झाल्या, त्वचा काळवंडली, केस गळाले. एका दुकानदाराने कांडीचा एक तुकडा पैशांच्या पाकिटात ठेवला होता. पाकीट जेथे असे तेथे त्याचे अंग भाजून निघाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी नियामक मंडळास कळविले. मंडळाची आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसे यंत्रे घेऊन त्या गल्ल्यांतून फिरली, कांड्या आणि त्यांचे तुकडे शोधून शिशाच्या भांड्यांत बंद केले. काही जणांवर बरेच दिवस उपचार चालले. भंगाराच्या दुकानात काम करणारा एक जण एप्रिलच्या अखेरीस मृत्यू पावला. वस्तू कोठून आली हे त्याच सुमारास कळले. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर, जिची सर्वांत वरची पायरी सातवी आहे, ही घटना चौथ्या पायरीवर नोंदली गेली. विद्यापीठाची किरणोत्सर्गी द्रव्ये वापरण्याची अनुज्ञा मंडळाने स्थगित केली.

येथे श्रोत्यांपैकी कोणी विचारील, की कोबाल्टचे अर्धायुष्य तर केवळ सव्वापाच वर्षे; चाळीस वर्षांत त्यात राहिले काय असेल? प्रश्न रास्त आहे, आणि हिशेब सोपा आहे. चाळीस वर्षांत साडेसात अर्धायुष्ये झाली. मूळ तीव्रतेचा सुमारे दोनशेवा भाग उरला. पण दोनशेवा भाग कशाचा? हजारो क्युरींचा. समजा आरंभी ४,००० क्युरी होते, तर उरले २०. आणि १ क्युरी चिमटीत धरली तर काय होते ते आपण वर पाहिलेच. कमी झाले आणि संपले यांत जे अंतर आहे, ते कोणीतरी वहीत मांडून ठेवावयास हवे होते.

आमच्या मते मायापुरीत कोणाला पदार्थविज्ञान कमी पडले असे नव्हे. दिल्लीच्या त्या विद्यापीठात ज्ञानाची वाण नव्हती. लिलावाच्या याद्या करणाऱ्याने मागच्या इमारतीत जाऊन कोणत्याही अध्यापकाला विचारले असते तर त्याने सांगितले असते. तुटली ती आठवण. आपल्या प्रत्येक संस्थेत डेडस्टॉकची वही असते. त्या वहीत खुर्च्या, पंखे, कपाटे आणि यंत्रे एकाच रांगेत बसलेली असतात. काही वर्षांनी समिती येते, निरुपयोगी वस्तूंवर शेरा मारते, निर्लेखन होते, लिलाव होतो. पंख्याच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण ज्या वस्तूचे बटण बंद करता येत नाही, ती डेडस्टॉकात लिहिणे हीच मूळ चूक. वापर थांबला की खुर्ची निरुपयोगी होते. कोबाल्टची कांडी वापर थांबला तरी आपले काम करीतच राहते.

म्हणून स्रोतांची वही निराळी हवी, आणि तिचा शेवटचा रकाना हवा "परत कोठे व केव्हा" ह्या शीर्षकाचा. वापर संपलेला स्रोत पुरवठादाराकडे परत जावा किंवा अधिकृत ठिकाणी विल्हेवाटीस जावा, आणि त्याचा कागद वहीला टाचलेला असावा. फॉस्फरस-३२ सारख्या अल्पायुषी द्रव्याचा प्रश्न सोपा आहे. त्याचे अर्धायुष्य १४.३ दिवस, कचरा तारीख घालून कुलुपात ठेवला तर दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे पाचेक महिन्यांत, हजारावा भाग उरतो. तेथे काळ हाच भंगी. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. तेथे वाट पाहण्यात अर्थ नाही. मायापुरीनंतर देशातल्या शिक्षणसंस्थांना आपापले जुने स्रोत शोधून त्यांचा हिशेब देण्यास सांगण्यात आले, आणि आता नियामक मंडळाची ई-लोरा नावाची संगणकीय व्यवस्था आहे, तीत परवाने आणि स्रोत नोंदले जातात. ही मोठी सुधारणा आहे. मात्र संगणकात तेच दिसते जे कोणी त्यात भरले; वरच्या फळीवरची बाटली त्याला दिसत नाही.

हे दोष आपल्याच देशाचे आहेत असे कोणी समजू नये. १९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलच्या गोइयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून सीझियमचा स्रोत भंगारात गेला. त्यातली अंधारात निळसर चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चौघे दगावले, आणि १,१२,००० माणसांची तपासणी करावी लागली. तो दवाखाना होता, महाविद्यालय नव्हे. पण अमेरिकेतल्या दोन घटना थेट आपल्या विषयाच्या आहेत. १९९५ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतला एक तरुण संशोधक स्वतःला यंत्राने तपासू गेला, तो यंत्र त्याच्या अंगापाशी टकटकू लागले. फॉस्फरस-३२ त्याच्या पोटात गेले होते, आणि ते चुकून गेले असावे असे चौकशी करणाऱ्यांना वाटले नाही. मेरिलंडमधल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत त्याच वर्षी एका गरोदर संशोधिकेच्या बाबतीत असाच प्रकार घडला; पिण्याच्या पाण्याच्या यंत्रात द्रव्य आढळले, आणि आणखी २६ जणांच्या शरीरात ते गेले होते. प्रयोगशाळेतल्या बाटलीला कुलूप का, ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पूर्वी "सांडू नये म्हणून" असे देत असू. १९९५ नंतर ते उत्तर पुरेसे राहिले नाही.

दुसरी घटना २ मे २०१९ ची, सिॲटलमधली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका इमारतीत सीझियमचे किरण देणारे यंत्र होते. ते जुने झाले म्हणून रीतसर काढण्याचे ठरले. तज्ज्ञ कंत्राटदार आले, कागदपत्रे झाली. काढता काढता स्रोताचे आवरणच कापले गेले, पूड बाहेर पडली, १३ माणसांना ती लागली आणि इमारत दीर्घकाळ बंद ठेवावी लागली. विसरणे धोक्याचे तसे आठवणीने काढणेही बिनधोक नाही, हे त्यावरून दिसते. सीझियमची पूड मिठासारखी पाण्यात विरघळते, त्यामुळे तो गुलाल आवरणे फार कठीण. कोबाल्ट निदान धातूची कांडी असते. म्हणून जेथे चालेल तेथे क्ष-किरणांची यंत्रे घ्यावीत, ज्यांचे बटण बंद केले की किरणही बंद, ह्या मताचे आम्ही आहोत. संशोधक ह्यावर कुरकुरतात. त्यांना नव्या यंत्रावर जुने निष्कर्ष पुन्हा पडताळावे लागतात, आणि ती कुरकुर सर्वस्वी अनाठायी नाही.

पाकिटातल्या त्या तुकड्याविषयी वाचले तेव्हा आम्हांस एक फार जुनी हकीकत आठवली. किरणोत्सर्गाचा शोध लावणारे आंरी बेकेरेल यांनी १९०१ साली रेडियमची एक नळी बंडीच्या खिशात बाळगली होती. काही दिवसांनी खिशाखालच्या त्वचेवर भाजल्याची जखम उमटली. पिएर क्यूरी यांनी मग मुद्दाम आपल्या दंडावर तसाच प्रयोग केला, आणि त्यातून रेडियमने रोगग्रस्त पेशी जाळता येतील ही कल्पना निघाली. बेकेरेल हे त्या विषयातले जगातले पहिले जाणते. मायापुरीचा दुकानदार त्यातले काहीही न जाणणारा. खिशातल्या द्रव्याने दोघांना सारखेच वागविले. एकाच्या जखमेतून वैद्यकाची एक शाखा निघाली. दुसऱ्याची जखम टाळण्यासाठी शंभर वर्षांचे ज्ञान तयार होते, आणि ते त्याच्यापर्यंत आणणारी एक चिठ्ठी पिंपाला नव्हती.

चिठ्ठीचा विषय निघाला म्हणून त्या पिवळ्या पाटीवरच्या चिन्हाचे सांगतो. तीन पाकळ्यांचे ते चिन्ह १९४६ साली बर्कली येथे, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या किरण-प्रयोगशाळेत प्रथम रेखाटले गेले. म्हणजे तेही एका विद्यापीठाच्या आवारातलेच अपत्य. शिकलेल्यांना त्याचा अर्थ कळतो. ज्याला सांगितलेले नाही त्याला ते पंख्यासारखे दिसते, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक जादा चिन्ह पुढे आणले. लाल त्रिकोण, वर त्याच तीन पाकळ्या, त्यांतून निघणारे किरण, खाली एका बाजूस कवटी आणि दुसऱ्या बाजूस पळणारा माणूस. ते दारावर लावावयाचे नाही. मोठ्या स्रोताच्या यंत्राचे बाहेरचे कवच उघडले की आत दिसेल अशा जागी ते बसवावयाचे, म्हणजे ज्याच्या हातात छिन्नी आहे त्याच्याच नजरेस ते पडेल. नव्या यंत्रांत ते बसवून घेता येते. जुन्या यंत्रांत ते बसवावयाचे तर आधी ती यंत्रे कोठे आहेत हे शोधावे लागते. आम्ही कार्यभार सोडला त्या दिवशी नव्या अधिकाऱ्यांना घेऊन तळमजल्यापासून गच्चीवरच्या खोलीपर्यंत फिरलो, वहीतली प्रत्येक ओळ वस्तूशी ताडून पाहिली. सकाळी अकराला निघालो ते संध्याकाळी पाच वाजले. वहीत ३१ ओळी होत्या, आणि वस्तू सापडल्या ३२.